अनोळखी साइटवरचं किती खरं धरायचं?

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक येते: ‘मुंबईत घर घेताय? स्टॅम्प ड्युटी फक्त २ टक्के!’ उघडली तर नीटनेटकं पान, टॉवरांचे फोटो, खाली व्यवस्थित तक्ता. साइटचं नाव मात्र कधी कानावर न आलेलं.

गंमत म्हणजे हे पान खोटं असेलच असं नाही. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईत मुद्रांक शुल्क खरोखर २ टक्के होतं. कोविडमुळे थंडावलेली घरविक्री हलावी म्हणून सरकारने ते ५ टक्क्यांवरून खाली आणलं होतं. जानेवारी ते मार्च २०२१ मध्ये ते ३ टक्के झालं, त्यानंतर पुन्हा ५. एप्रिल २०२२ पासून त्यावर १ टक्का मेट्रो अधिभार चढला, म्हणजे एकूण ६. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत. एक कोटीच्या फ्लॅटला २ लाख धरून बसलेल्या माणसाने ६ लाखांचं चलन बघितलं की त्याच्या पायाखालची जमीन सरकते, पण पान लिहिणाऱ्याने त्याला फसवलेलं नसतं. लिहून झाल्यावर त्याने पानाकडे पुन्हा ढुंकून पाहिलेलं नसतं, एवढंच.

अशा पानाची पारख करताना आपण सहसा पानाकडेच बघत बसतो. मांडणी चांगली आहे, भाषा शुद्ध आहे, ‘आमच्याविषयी’मध्ये सुटाबुटातले फोटो आहेत, म्हणजे माणसं बरी दिसतात. यातली एकूण एक गोष्ट पान बनवणाऱ्याच्या हातातली असते. त्याच्या हातात नसलेलं काय ते बघायचं असतं, आणि ते बहुतेक वेळा पानाबाहेर सापडतं.

वाचायच्या आधी बाहेर पडा

स्टॅनफर्ड विद्यापीठातले सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅग्रू यांचा २०१७ मधला एक अभ्यास या बाबतीत फार बोलका आहे. त्यांनी ४५ जणांना अनोळखी साइट पारखायला दिल्या: पीएचडी झालेले १० इतिहासकार, १० व्यावसायिक फॅक्ट-चेकर आणि स्टॅनफर्डचेच २५ विद्यार्थी. एका कामात बालरोगतज्ज्ञांच्या दोन अमेरिकी संघटनांची पानं होती. एक संघटना १९३० पासूनची, हजारो डॉक्टरांची. दुसरी २००२ साली तिच्यातून फुटून निघालेल्यांचा छोटा गट. नावं जवळपास सारखी, दोन्ही पानं गंभीर, संदर्भ दोन्हीकडे. कितीतरी विद्यार्थी छोट्या गटालाच जास्त विश्वासार्ह ठरवून मोकळे झाले. जुने कागद वाचण्यात हयात घालवलेले इतिहासकारही चाचपडले, कारण ते त्याच पानावर वरखाली करत राहिले. फॅक्ट-चेकर पान पुरतं न वाचताच नवा टॅब उघडून संघटनेचं नाव शोधायला लागले आणि त्यांना उलगडा लगेच झाला.

स्थळ बघताना चौकशी मुलाकडे करत नाहीत, तो राहतो त्या चाळीत करतात. हे तसंच.

करायचं ते असं. साइटचं नाव अवतरणचिन्हांत घालून शोधा. निकालांत त्या साइटची स्वतःचीच पानं भरली असतील तर नावानंतर एक जागा सोडा आणि इंग्रजीत वजाचं चिन्ह, ‘साइट’ हा शब्द, अपूर्णविराम आणि साइटचा पत्ता असं सलग टाइप करा. म्हणजे साइटची पानं गळून तिच्याविषयी इतरांनी काय लिहिलंय ते उरतं. ‘प्रायोजित’ लिहिलेले निकाल सोडून द्या. पहिल्याच निकालावर झडप घालू नका. निकालांचं पान खालपर्यंत सरकवा, कोण काय बोलतंय ते नजरेखालून घाला आणि मगच एखादा उघडा. नावाला ‘तक्रार’, ‘फसवणूक’ हे शब्द जोडून मराठीत आणि इंग्रजीतही एकेकदा शोधा. काहीच हाती लागलं नाही तर तेही एक उत्तर आहे. सुरळीच्या वड्यांच्या कृतीला ते चालतं. पण ‘दहा हजार कुटुंबांचा विश्वास’ असं मिरवणाऱ्या साइटविषयी त्या दहा हजारांतलं एकही कुटुंब कुठे काही बोललेलं नसेल, तर जरा थांबा.

साइटचं वय पाहणं फारच सोपं आहे. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये पत्ता टाकला की कॅलेंडर येतं आणि साइट कुठल्या तारखेला कशी दिसत होती ते उघडून बघता येतं. ‘२० वर्षांचा अनुभव’ म्हणणारी साइट गेल्या दिवाळीपासूनचीच निघते. कधी उलटंही होतं: पत्ता जुना असतो, पण चार वर्षांपूर्वी त्यावर मोबाइलची कव्हरं विकली जात होती. मुदत संपलेले पत्ते विकत घेऊन त्यांच्या जुन्या नावावर नवा माल खपवण्याचा हा धंदा आहे.

पत्ता उजवीकडून वाचायचा

एचटीटीपीएसनंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडा आणि त्यापुढची पहिली तिरकी रेघ शोधा. त्या रेघेच्या लगेच डावीकडचे दोन-तीन तुकडे सांगतात की मालक कोण. त्याच्याही डावीकडे कुणीही काहीही लिहू शकतो. ‘म्हाडा’, ‘लॉटरी’, ‘मुंबई’, चालू वर्षाचा आकडा हे शब्द पत्त्यात घालायला कुणाची परवानगी लागत नाही. ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ हे शेपूट मात्र सरकारी खात्यांनाच मिळतं. पण ‘म्हाडा डॉट जीओव्ही डॉट इन’ एवढं लिहून झाल्यावर रेघ न येता आणखी एक डॉट आणि भलतंच नाव आलं, तर साइट त्या भलत्या नावाची. फोनवर पत्ता अर्धवटच दिसतो, म्हणून पत्त्याच्या पट्टीवर बोट ठेवून तो पूर्ण उघडून बघा.

बँकांचं काम आता थोडं सोपं झालंय. ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर जा, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं होतं. हे शेपूट बँकांखेरीज कुणाला मिळत नाही.

पत्त्याशेजारच्या कुलपावर जाऊ नका. तुमच्या फोनपासून साइटपर्यंतचा मजकूर वाटेत कुणाला वाचता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पलीकडे भामटा बसला असेल तर भामट्याशी चाललेलं बोलणं सुरक्षित राहतं. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र फुकट मिळतं. लोक त्यावरून भलता अर्थ काढतात म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्हच बदलून टाकलं.

याचं पोट कशावर चालतं?

मुंबईत घर शोधणाऱ्याला एक प्रकार रोज भेटतो. एखाद्या प्रकल्पाच्या नावाचीच साइट असते: स्विमिंग पूलचे फोटो, ‘स्टेशनपासून ५ मिनिटं’, आणि किंमत बघायची तर आधी मोबाइल नंबर टाका. ‘फ्लोअर प्लॅन’ दाबा, ‘लोकेशन’ दाबा, ‘माहितीपत्रक’ दाबा, प्रत्येक बटणाने तोच फॉर्म उघडतो. आता अगदी तळाशी जा. करड्यावर करड्या अक्षरांत, इंग्रजीत, असं काहीसं सापडेल: ही विकासकाची अधिकृत साइट नाही, माहिती केवळ संदर्भासाठी आहे. म्हणजे साइट दलालाची, धंद्याच्या भाषेत ‘चॅनेल पार्टनर’ची. नंबर टाकलात की दुपारपर्यंत तीन ठिकाणांहून फोन सुरू.

दलालाने साइट काढणं हा काही गुन्हा नाही. पण तिथेच ‘या भागातले टॉप १० प्रकल्प’ अशी निःपक्षपाती म्हणवणारी यादी असेल, तर ती त्याला कमिशन देणाऱ्या दहा प्रकल्पांची असू शकते, हे मनात धरून वाचा.

इथे बाहेरून तपासायला महारेरा, म्हणजे राज्यातल्या गृहप्रकल्पांची नोंदणी करणारं नियामक प्राधिकरण, आहे. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक इंग्रजी ‘पी’ने सुरू होतो, एजंटचा ‘ए’ने. जुन्या पद्धतीच्या प्रकल्प क्रमांकात ‘पी’नंतरचे तीन आकडे जिल्हा सांगतात: ५१९ मुंबई शहर, ५१८ मुंबई उपनगर, ५१७ ठाणे. प्रकल्प परळचा म्हणतात आणि क्रमांकात ५१७ आहे, तर क्रमांक दुसऱ्याच कुठल्या इमारतीचा चिकटवलाय. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत महारेराचा क्यूआर कोडही सक्तीचा आहे. तो स्कॅन करून जे पान उघडेल त्याचा पत्ताही वर सांगितल्याप्रमाणे वाचा, कारण क्यूआर कोड कुणालाही कशाचाही बनवता येतो. खऱ्या पानावर विकासकाचं नाव, काम पुरं करायची मूळ तारीख, वाढवून घेतलेली तारीख आणि कोर्टकज्जे ही माहिती मिळते. ही माहिती विकासकाने स्वतःच भरलेली असते, हेही ध्यानात ठेवा. ‘महारेरा नोंदणीकृत’ म्हणजे महारेराने इमारत पाहून पास केली, असा अर्थ लावणारी पानं ढिगाने आहेत आणि ती सगळी चूक आहेत.

शेअर सुचवणाऱ्या साइटवर सेबीचा, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाचा, नोंदणी क्रमांक शोधा. गुंतवणूक सल्लागाराचा ‘आयएनए’ने, रिसर्च ॲनालिस्टचा ‘आयएनएच’ने सुरू होतो. क्रमांक दिसला म्हणून थांबू नका. सेबीच्या यादीत तो कुणाच्या नावावर आहे ते बघा. दुसऱ्याचा क्रमांक छापणं ही नेहमीची चाल आहे.

लिहिणाऱ्याला विषय कळतो का?

नावगाव सापडलं नाही तरी हे बरंच ताडता येतं. प्रत्येक धंद्यात एक-दोन शब्द असे असतात, की आतला माणूस त्यात चुकत नाही आणि बाहेरचा हमखास चुकतो.

‘सीसी’ घ्या. मुंबईत फ्लॅटच्या व्यवहारात सीसी म्हणजे कमेन्समेंट सर्टिफिकेट, बांधकाम सुरू करायची परवानगी. तीही बऱ्याचदा आधी प्लिंथपर्यंत (जोत्यापर्यंत) आणि मग पुढच्या मजल्यांसाठी, अशी टप्प्याटप्प्याने मिळते. राहायला जायचं ते ओसीवर, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्रावर. काही साइटवर ‘सीसी मिळालेली इमारत निश्चिंतपणे घ्या’ असा सल्ला असतो, कारण लिहिणाऱ्याने सीसीचा अर्थ कम्प्लिशन, म्हणजे काम पूर्ण, असा धरलेला असतो. त्याच्या भरवशावर गेलात तर नुसता खड्डा खणलेल्या इमारतीला तयार घर समजून बसाल.

दुसरी खूण सातबारा. दादर-गिरगावात फ्लॅट घेणाऱ्याला ‘आधी सातबारा तपासा’ असं सांगणारा लेख गावाकडच्या जमिनीवरून उचलून आणलाय. मुंबई शहरात जमीन सी. एस. क्रमांकाने ओळखली जाते, उपनगरात सी. टी. एस. क्रमांकाने, आणि कागद मागायचा तो मालमत्ता पत्रक, ज्याला सगळे पीआर कार्ड म्हणतात.

तिसरी, ‘सुपर बिल्टअप’वर, म्हणजे जिना-लॉबीसारख्या सामायिक जागा धरून, हिशेब मांडणारं पान. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार हिशेब कार्पेट एरियावर असतो. घरातल्या आतल्या भिंती त्यात धरतात. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. हा फरक नीट सांगणारा माणूस आपल्याला माहीत नसला तरी त्याचं पुढचं वाचायला हरकत नाही.

शुद्धलेखनाला मात्र फार महत्त्व देऊ नका. ऱ्हस्व-दीर्घात चुकणारे प्रामाणिक जाणकार मराठीत पुष्कळ आहेत, आणि यंत्राकडून लिहून घेतलेला बनावट मजकूर आता अगदी व्याकरणशुद्ध येतो. त्याचं बिंग फुटतं ते तपशिलात. ‘संबंधित कार्यालयात आवश्यक कागदपत्रं सादर करावीत’ असं तो तीन वेळा म्हणेल. कुठलं कार्यालय, कुठला कागद, फी किती, हे एकदाही सांगणार नाही. आणि संदर्भ दिलेच तर ते उघडून बघा. पान अस्तित्वातच नसतं, किंवा असतं पण त्यात ते वाक्य नसतं.

आकड्याचा माग

२६ जुलैच्या पावसाबद्दल दरवर्षी लिहिलं जातं: ‘२००५ मध्ये मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस.’ आकडा बरोबर आहे, पण तो सांताक्रूझच्या वेधशाळेचा. त्याच २४ तासांत कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर नोंदला गेला. उपनगर गळ्यापर्यंत पाण्यात आणि दक्षिण मुंबईत नेहमीच्यासारखा पाऊस, हीच त्या दिवसाची खरी विचित्र गोष्ट होती, आणि ‘मुंबईत ९४४’ म्हटलं की नेमकी तीच गळून पडते. कुठे २६ तारीख दिसते, कुठे २७. दोन्ही बरोबर. हवामान खातं आदल्या सकाळी साडेआठ ते त्या दिवशी सकाळी साडेआठ असे २४ तास मोजतं, म्हणून नोंद २७ जुलैच्या सकाळची.

म्हणून आकडा भेटला की मोजला कुणी, कुठे आणि कुठल्या काळापुरता, एवढं पानाला विचारा. उत्तर पानात नसेल तर आकड्यासह दोन-तीन नेमके शब्द घेऊन मूळ ठिकाण शोधा. ‘वीस साइटवर हेच लिहिलंय’ यावर विसंबू नका. पानातलं आठ-दहा शब्दांचं एखादं वेगळं वाक्य अवतरणचिन्हांत टाकून बघा. विसाच्या वीस ठिकाणी अक्षरन् अक्षर तेच निघालं, तर साक्षीदार एकच आहे, बाकी एकोणीस झेरॉक्स.

फोटोलाही हेच लागू. दादरच्या पाणी तुंबलेल्या हिंदमाता भागाचा ‘आजचा’ फोटो गूगल लेन्समध्ये टाकला की तो कुठल्या पावसाळ्यातला ते बऱ्याचदा कळतं.

तारीख आणि जीआर

मथळ्यातलं वर्ष खरं धरू नका. ते आपोआप बदलणारी सोय फुकट मिळते. ‘अपडेटेड’च्या तारखेचंही तेच. मजकुरात एखादी गोष्ट अशी शोधा, जिच्यावरून काळ कळेल. बँक बुडाली तर ठेवींना १ लाखापर्यंत विमा मिळतो असं लिहिलेलं पान फेब्रुवारी २०२० च्या आधीचं आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती मर्यादा एका बँकेत एका ठेवीदारामागे, मुद्दल आणि व्याज धरून, ५ लाख आहे. आणि तो विमा बँकांना आहे. पतसंस्थेच्या ठेवीला तो लावून दाखवणारं पान जुनं नसून सरळ चुकीचं आहे.

सरकारी निर्णयाचा हवाला असेल तर शासन निर्णय, म्हणजे जीआर, मागा. महाराष्ट्र शासनाच्या जीआरवर लांबलचक संगणक संकेतांक असतो. त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. २०१८०३१३ ने सुरू होत असेल तर १३ मार्च २०१८. जीआरच्या तारखेत आणि यात एखाद्या दिवसाचा फरक चालतो. दोन वर्षांचा फरक असेल तर कुणीतरी जुन्या कागदावर नवा मजकूर चिकटवलाय. तोच संकेतांक शासनाच्या जीआर संकेतस्थळावर टाकून मूळ पीडीएफ उघडा आणि दुसरं-तिसरं पान वाचा. अटी तिथे असतात, आणि पान लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी फक्त विषयाची ओळ वाचलेली असते.

एवढा खटाटोप प्रत्येक लिंकसाठी करायचा नसतो. ठाण्यात मिसळ कुठली भारी, यावर कुणी काही लिहिलं असेल तर चाखून बघा आणि विसरा. पैसे, कागदपत्रं, औषध आणि मुलांची ॲडमिशन या चार बाबतींत मात्र नवा टॅब उघडल्याशिवाय पुढे जाऊ नये. साधी चौकशी दोन-तीन मिनिटांत होते. घरासाठी टोकन रक्कम देण्याआधीची चौकशी अर्धा-पाऊण तास खाईल, आणि तो खर्च करायलाच हवा.

ग्रुपवर स्क्रीनशॉट आला तर आधी लिंक मागा. स्क्रीनशॉटमध्ये पत्ता आणि तारीख नेमकी कापलेली असते. शोधयंत्राच्या डोक्यावर येणारा एआयचा सारांशही त्याच पंक्तीतला: २०२० चं पान आणि आजचं पान एकाच वाक्यात कालवून तो तुमच्यापुढे ठेवू शकतो, त्यामुळे त्याच्याखालच्या लिंक उघडून बघाव्याच लागतात. आणि हे सगळं वाचायच्या आधीच कुठल्या फॉर्मवर पैसे किंवा ओटीपी देऊन बसला असाल, तर साइट खरी की खोटी हा शोध नंतर करा. आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन लावा आणि बँकेला कळवा. पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत अडवता येतात, आणि ते तासाभरात पांगू शकतात.